नेचे आणि स्लाइम मोल्डच्या बीजाणुधान्या कशा पाहाव्यात?

नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके म्हणजे कीड समजून पान खुडू नका. प्रत्येक ठिपका हा बीजाणुधान्यांचा, म्हणजे बियांसारखं काम करणारे सूक्ष्म बीजाणू ज्यात तयार होतात त्या इवल्या पिशव्यांचा, पुंजका असतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पान उलटं करा.

आधी पक्व पान निवडायचं. हिरवट, फिकट पुंजके कच्चे असतात. बहुतेक नेच्यांत गडद आणि टपोरे दिसणारे पुंजके तयार असतात. भुरकट, विस्कटलेले दिसले तर बीजाणू केव्हाच उडून गेलेत. काही जातींत पुंजक्यावर पातळ पापुद्रा असतो, तो सुईच्या टोकाने हळूच उचला.

आता खरी गंमत. थोड्या बीजाणुधान्या कोरड्या काचपट्टीवर खरवडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दिव्याची ऊब द्या. प्रत्येकीच्या पाठीवर जाड भिंतींच्या पेशींची एक रांग दिसेल. या पेशींतलं पाणी उडू लागलं की त्यांची पातळ बाहेरची भिंत आत ओढली जाते, रांग मागे वाकत जाते आणि बीजाणुधानी फाटते. ताण असह्य झाला की पेशींत बुडबुडे धरतात आणि रांग गोफणीसारखी झटक्यात परत येते. बीजाणू, एका धानीत साधारण ६४, दूर फेकले जातात. झटका डोळ्यांदेखत घडतो, म्हणून नजर हलवू नका.

सूक्ष्मदर्शक नसेल तर पक्व पान पुंजके खाली करून पांढऱ्या कागदात गुंडाळा आणि वाऱ्यापासून दूर ठेवा. दोन दिवसांत बारीक पूड पडते.

स्लाइम मोल्डला मात्र धीर लागतो. नावात मोल्ड असलं तरी ही बुरशी नव्हे, अमीबाचे नातलग आहेत. जिवंत झाडाच्या सालीचे सुटलेले तुकडे झाकणाच्या बशीत टिपकागदावर पसरा, पाण्यात बुडवून एक दिवस ठेवा, मग जादा पाणी ओता. ओल टिकवा आणि रोज भिंगातून बघा. काही आठवडेही लागतात. एखादे दिवशी मिलिमीटरभर उंचीचे देठ आणि त्यावर गोळे दिसतील; याच त्यांच्या बीजाणुधान्या. जुन्या कुजक्या लाकडावर स्टेमोनायटिस हा स्लाइम मोल्ड मिळाला तर आणखी छान: काळ्या चकचकीत देठांवर तपकिरी तुऱ्यांचा दाट झुबका. फुंकर घाला, बीजाणू उडतील आणि मागे त्यांना धरून ठेवणाऱ्या तंतूंची नाजूक जाळी उरेल. दम्याचा त्रास असेल तर फुंकर टाळा.

जपून ठेवायचं तर सालीचा तुकडा आधी पूर्ण वाळवा, नाहीतर खरी बुरशी चढते. मग तो रिकाम्या काडेपेटीच्या तळाशी चिकटवा आणि पेटीवर तारीख व झाडाचं नाव लिहा.