मोहफुलं वेचायला जाताना वाघ-अस्वलापासून असं जपा

मार्च-एप्रिलात मोह गळू लागला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडं घरची बायामाणसं पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. उशीर केला तर फुलं चितळं आणि गुरं खाऊन टाकतात. पण वाघ-अस्वलाच्या फिरण्याचीही हीच वेळ. उभ्या माणसाला वाघ सहसा टाळतो; वाकलेला माणूस मात्र त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसू शकतो. मोह, तेंदूपत्ता, गवत, सगळं काम वाकूनच!

आदल्या संध्याकाळी बीटच्या वनरक्षकाला किंवा गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या (वन्यप्राण्यांवर नजर ठेवायला वनविभागानं उभ्या केलेल्या गटाच्या) पोरांना विचारा: वाघ कुठं दिसला, पिल्लं सोबत आहेत का. त्या बाजूचं झाड त्या दिवशी सोडून द्या. एका दिवसाची फुलं गेली तर जाऊ द्या.

चार-पाच जण मिळूनच जा, तेही चांगलं उजाडल्यावर. आमच्या शेजारच्या काकू झाडाशी पोचल्या की टोपली लगेच खाली ठेवत नाहीत. काठी खोडावर दोनदा आपटतात, मोठ्यानं खाकरतात, चारी बाजूंची झुडपं न्याहाळतात, मगच वाकतात. तेवढा वेळ एक जण उभा राहून राखण करतो. हे प्रत्येक झाडाखाली करा. वानरं खेकसू लागली, चितळं ओरडली किंवा कुजल्याचा वास आला, तर आलात त्याच वाटेनं परत फिरा.

जमल्यास झाडाखाली जाळी बांधा. फुलं तिच्यात पडतात, वाकणं कमी होतं आणि पालापाचोळा जाळावा लागत नाही. त्या जाळण्यानंच कितीदा वणवे लागतात.

वाघ समोर आला तर पळू नका, पाठ दाखवू नका, खाली बसू नका. एकमेकांना चिकटून उभे राहा, हात वर करा, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागं सरका. त्याची निघायची वाट अडवू नका.

अस्वलाचं नाक तेज, पण मोह खाताना किंवा वारूळ उकरताना त्याला माणसाची चाहूल लागत नाही. अचानक जवळ गेलात की घाबरून अंगावर येतं, म्हणून बोलत राहा. धरलंच तर पालथे पडा, दोन्ही हातांनी मान झाका, तोंड जमिनीकडे ठेवा.

जखम झाली तर रक्त वाहत असल्यास आधी स्वच्छ कापडानं घट्ट दाबा. नाहीतर साबण-पाण्यानं भरपूर धुवा. लगेच दवाखाना गाठा, रेबीजच्या लशीचं विचारा. १९२६ वर वनविभागाला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

गडचिरोलीकरांसाठी आणखी एक. २०२१ पासून तिकडं छत्तीसगडमार्गे आलेले हत्ती फिरताहेत. घरात साठवलेल्या मोहाच्या वासानं ते भिंत पाडू शकतात. कळप जवळ असल्याचं कळलं की झोपायच्या खोलीत मोह ठेवू नका.