कार्टिंग शिकायचंय? मग आधी इंजिनचा आवाज ऐका

पहिल्यांदा कार्टमध्ये, म्हणजे जमिनीलगत धावणाऱ्या त्या छोट्या उघड्या रेसगाडीत, बसलेल्या जवळजवळ सगळ्यांना वाटतं की टायर किंचाळतायत, मागची बाजू सरकतेय, स्टिअरिंगशी झटापट चाललीय म्हणजे आपण बुंगाट सुटलोय. मलाही तसंच वाटायचं. मग सेशन संपलं की लॅप टाइमचा, म्हणजे ट्रॅकच्या एकेका फेरीला लागलेल्या वेळेचा, कागद हातात यायचा आणि दिसायचं की तसल्याच कार्टमध्ये बसलेला एक जण, ज्याची गाडी वळणात जराही वेडीवाकडी होत नव्हती, तो दर लॅपला दीड सेकंद पुढे आहे. एकदा मी त्याच्या सेशनला बाहेर थांबलो, हेअरपिनपाशी, म्हणजे यू आकाराच्या वळणापाशी, कुंपणाला टेकून डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. बाकीच्यांच्या गाड्या वळणातून निघताना इंजिन घुसमटल्यासारखं खाली पडायचं आणि मग कण्हत कण्हत वर चढायचं. त्याचं इंजिन पडायचंच नाही, थोडं उतरायचं आणि लगेच उचलायचं. त्या दिवसानंतर मी जे काही शिकलो ते त्या आवाजाभोवतीच शिकलो, म्हणून तुम्हालाही तिथूनच सुरुवात करायला सांगतोय.

हे असं का होतं ते समजायचं तर कार्टची बांधणी समजली पाहिजे. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या रेसकार बनवणाऱ्या कारागिराने नळ्यांच्या सांगाड्यावर लॉनमोव्हरचं इंजिन बसवून पहिली कार्ट बनवली, आणि कार्टची रचना आजही तशीच साधी आहे, सस्पेन्शन नाही, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही, मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अॅक्सलला घट्ट बसवलेली. म्हणजे दोन्ही चाकं कायम सारख्याच वेगाने फिरणार. पण वळणात आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं आणि बाहेरच्याला जास्त, मग दोघांचं भांडण होतं आणि गाडी वळायलाच मागत नाही. यावरचा उपाय फार सुंदर आहे. पुढच्या चाकांची भूमिती अशी ठेवलेली असते की स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, बाहेरचं थोडं वर जातं, आणि त्यामुळे सांगाडा पिळला जाऊन मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. कार्ट वळणात तीन चाकांवर चालते. स्टिअरिंग सरळ करत आणलं की ते चाक परत टेकतं आणि गाडी सुटते.

आता यातून बसायची पद्धत आपोआप ठरते. बाइकची सवय असलेला माणूस वळणात आतल्या बाजूला झुकतो, कार्टमध्ये हे अगदी उलट पडतं, कारण तुमचं वजन त्याच आतल्या चाकावर पडतं जे उचललं जायला हवं. पाठ सीटला टेकवून सरळ बसा, वजन बाहेरच्या बाजूला जात असेल तर जाऊ द्या. सीट मोठी होत असेल तर फोमचा तुकडा मागा, तुम्ही सीटमध्ये हलत राहिलात तर गाडी काय सांगतेय ते कळतच नाही, ते सगळं पाठीतून आणि कमरेतूनच कळायचं असतं. हात घड्याळातल्या ९ आणि ३ वर, कोपर थोडे वाकलेले, पकड अंडं धरल्यासारखी. उजवा पाय रेसवर, म्हणजे अॅक्सिलरेटरवर, डावा पाय ब्रेकवर, आणि दोन्ही एकत्र कधीच दाबायचे नाहीत, भाड्याच्या कार्टमध्ये क्लच आणि ब्रेक दोन्ही त्यातच जळतात.

कपड्यांचं पटकन सांगतो पण गंभीरपणे घ्या. मागचा अॅक्सल आणि चेन तुमच्या पाठीमागे वीतभर अंतरावर फिरत असतात. स्कार्फ, लोंबणाऱ्या दोऱ्या, हुडी, मोकळे केस, यातलं काहीही बाहेर राहता कामा नये, केस बांधून बालाक्लाव्हात, म्हणजे हेल्मेटखालच्या कापडी टोपीत, आणि सूटच्या आत. यात माणसं दगावलेली आहेत, म्हणून कुणाला ओशाळं वाटेल याचा विचार न करता शेजारच्यालाही टोका. हेल्मेट फुल फेस, गाल दाबणारं घट्ट, डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबरच हललं पाहिजे. स्वतःचं घ्यायचं झालं तर हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचं के रेटिंग कार्टिंगसाठीच असतं, आणि पुढे कारमध्येही ट्रॅकवर जायचा विचार असेल तर सरळ एसए रेटिंगचं घ्या, त्याचं अस्तर आगीला टिकणारं असतं. पातळ तळव्याचे बूट, ग्लोव्ज. बहुतेक कार्टला सीट बेल्ट नसतो आणि सीटच्या कडा बरगड्यांवर आदळतात, म्हणून हा छंद चालू ठेवायचा ठरलं की पहिली खरेदी रिब प्रोटेक्टरची करा, हेल्मेट तर ट्रॅकवरही मिळतं.

आता ट्रॅकवर. पहिले दोन लॅप टायर थंड असतात, तेव्हा काहीही सिद्ध करायला जाऊ नका. ते लॅप बघण्यासाठी वापरा, कुठे ब्रेक मारायचा त्याच्या खुणा शोधा, डांबरावरचा डाग, कर्बची (वळणाच्या कडेच्या उंचवट्याची) सुरुवात, टायरच्या भिंतीतला रंगीत टायर. खूण नसेल तर दर लॅपला वेगळ्या ठिकाणी ब्रेक माराल आणि काय सुधारलं, काय बिघडलं ते कधीच कळणार नाही.

ब्रेक बहुतेक कार्टला फक्त मागच्या अॅक्सलवर असतो, त्यामुळे स्टिअरिंग वळवलेलं असताना जोरात ब्रेक मारला की मागचा भाग पुढे येतो आणि स्पिन, गाडी गरकन फिरते. सुरुवातीला नियम एकच, गाडी सरळ असतानाच ब्रेक, एकदाच आणि ठाम, मग सोडायचा आणि मगच वळायचं. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं हे लक्षात ठेवा, म्हणजे लांब सरळ पट्ट्यानंतरच्या वळणाला तुमचा अंदाज का चुकतो ते कळेल. वर्षभर चालवल्यावर ब्रेक हळूहळू सोडत सोडत वळणात शिरायला शिकालच, पण आत्ता नको.

लाइनबद्दल, म्हणजे वळणातून गाडी कुठल्या वाटेने न्यायची त्याबद्दल, लोक खूप बोलतात, बाहेरून आत, एपेक्स (वळणाच्या आतल्या कडेला सगळ्यात जवळ जातो तो बिंदू), परत बाहेर. ते खरंच आहे आणि कारण साधं आहे, तेवढ्याच ग्रिपमध्ये वळणाची त्रिज्या चौपट झाली तर वेग दुप्पट नेता येतो, म्हणून ट्रॅकची अख्खी रुंदी वापरून वळण जितकं मोठं करता येईल तितकं करायचं. पण सगळी वळणं सारखी महत्त्वाची नसतात. ज्या वळणानंतर सगळ्यात लांब सरळ रस्ता आहे ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथून बाहेर पडताना ताशी ३ किलोमीटर जास्त असले तर ते ३ किलोमीटर पूर्ण सरळ पट्टाभर तुमच्याबरोबर येतात. भाड्याच्या कार्टमध्ये इंजिन लहान असतं, होंडाचं जीएक्स २०० किंवा जीएक्स २७० यांसारखं फोर स्ट्रोक, म्हणजे साधारण साडेपाच ते साडेआठ हॉर्सपॉवर. गेलेला वेग परत मिळवायला त्याला खूप वेळ लागतो. हे मनात पक्कं करा, लहान इंजिनच्या गाडीत वेग कमावणं महाग असतं, म्हणून तो उधळायचा नाही.

आता तो हेअरपिन हळू हळू बघू, कारण सगळा अभ्यास तिथे आहे. नवीन माणूस उशिरा ब्रेक मारतो, मग आत घुसायच्या घाईत लवकर स्टिअरिंग फिरवतो, आतल्या कर्बला वळणाच्या आधीच जाऊन चिकटतो, अर्ध्या वळणात कळतं की पुढे रस्ता संपतोय, मग स्टिअरिंग आणखी पिळतो, पुढची चाकं घासायला लागतात, मागचं सरकतं, आणि रेस पूर्ण दाबलेली असूनही इंजिनचा आवाज घुर्रर्र करत खाली जातो. हाच तो आवाज. त्याचा अर्थ, तुमची ताकद टायर घासण्यात चाललीय. आता पुढच्या लॅपला असं करा, नेहमीपेक्षा कार्टच्या एका लांबीइतका आधी ब्रेक मारा, बाहेरच्या कडेला मनाला पटेल त्यापेक्षा थोडं जास्त थांबा, नजर कर्बवरून पलीकडे जिथे बाहेर पडायचंय तिथे न्या, एकदाच नेमकं वळवा, एपेक्स मध्याच्या थोडा पुढे घ्या, आणि तिथून रेस देताना स्टिअरिंग उलगडत जा, जणू एक दोरी तुमच्या उजव्या पायाला आणि स्टिअरिंगला बांधलीय. बरोबर जमलं तर काहीच घडल्यासारखं वाटणार नाही. हळू गेलो असंच वाटेल. पण इंजिन ऐका, ते पडलं नसेल, आणि पुढच्या वळणाला पोचाल तेव्हा ब्रेकची नेहमीची खूण तुमच्या अंगावर लवकर येईल. ती लवकर येणं हाच पुरावा.

सेशन संपल्यावर कागदावर फक्त बेस्ट लॅप बघू नका, जवळजवळ सगळे तेवढंच बघतात. लॅपमधला फरक बघा. एकाचे लॅप ४२.३, ४२.५, ४२.४ आहेत आणि दुसऱ्याचे ४१.९, ४३.८, ४२.९, तर बेस्ट लॅप दुसऱ्याचा आहे पण दहा लॅपच्या रेसमध्ये तो साडेचार सेकंदांहून जास्त मागे राहील. आधी सगळे लॅप दोन-तीन दशांशांत आणा, मग एका सेशनला एकाच वळणात एकच बदल करून बघा. आणि वजनाचं भान ठेवून तुलना करा, २० किलो हलका माणूस त्याच गाडीत जास्त वेगाने जाणारच, म्हणून नीट भरवलेल्या रेसमध्ये वजनं टाकून सगळ्यांना एका पातळीवर आणतात.

झेंडे पाठ करून जा. पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू व्हा आणि ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आलीय, तिला जाऊ द्या, आणि जाऊ देताना अचानक लाइन सोडून बाजूला उडी मारू नका, सरळ पट्ट्यावर हात दाखवून रेस थोडी सोडा, तो स्वतः जाईल. लाल म्हणजे सेशन थांबलं, काळा म्हणजे तुम्हाला पिटमध्ये, ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, बोलावलंय. स्पिन झालाच तर ब्रेक घट्ट दाबून धरा म्हणजे गाडी कुठे थांबणार हे मागच्याला कळेल, दोन्ही हात वर करा आणि मार्शल, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवणारा माणूस, येईपर्यंत गाडीतून उतरू नका, कितीही ओशाळल्यासारखं झालं तरी. चालत्या ट्रॅकवर पायी माणूस याच्याइतकी वाईट गोष्ट नाही.

दहा मिनिटांत हात भरून येतात, बोटं मिटेनाशी होतात. व्यायामाने थोडं कमी होतं पण मुख्य कारण पकड असते. प्रत्येक सरळ पट्ट्यावर ठरवून बोटं सैल करा आणि एक श्वास पूर्ण सोडा, बरेच जण वळणात श्वास रोखून धरतात आणि त्यांना पत्ताच नसतो.

स्वतःची कार्ट घ्यायची घाई करू नका. भाड्याच्या गाड्यांवर वीसएक सेशन करा, वेगवेगळ्या गाड्यांत बसा, मग तुमच्या जवळच्या ट्रॅकवर कोणत्या क्लासच्या रेस खरंच होतात ते बघा आणि तोच क्लास घ्या, नाहीतर भारी गाडी घेऊन एकटेच फिरत बसाल. रोटॅक्स मॅक्ससारखं १२५ सीसी टू स्ट्रोक म्हणजे ३० हॉर्सपॉवरच्या आसपास, भाड्याच्या कार्टनंतर ते पूर्ण वेगळं जग आहे, मान दोन दिवस दुखते. जुनी घेताना किती वर्षं जुनी हे विचारण्यापेक्षा इंजिन उघडून शेवटचं काम झाल्यापासून किती तास चाललंय ते विचारा. सांगाड्याच्या नळ्या खालून हात फिरवून बघा, कर्बवर घासून चपट्या झाल्यात का, वेल्डिंगपाशी चीर आहे का, आणि मागची चाकं उचलून फिरवा, अॅक्सल वाकडा असेल तर चाक डुलताना दिसतं. आणि पैसे वेगळे काढताना टायरसाठी आधी काढा, गाडी एकदाच घ्यायची असते, टायर सारखे घ्यावे लागतात.

काही जणांना कार्टपेक्षा आपली रोजची कारच ट्रॅकवर न्यायची असते. जरूर न्या, पण कार्टचा कान घेऊन जा, पुढची चाकं घासतायत हे कारमध्येही स्टिअरिंग हलकं होण्याआधी टायरच्या आवाजात कळतं. गाडीतून सगळं सामान काढा, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅटसुद्धा. इन्शुरन्सची पॉलिसी वाचा, बऱ्याच पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान धरत नाहीत. नवख्यांच्या ग्रुपमध्ये नाव द्या, शिकवणारा शेजारी बसत असेल तर नक्की बसवा. सगळ्यात आधी मार खातात ते ब्रेक, जुनं ब्रेक फ्लुइड पाणी धरतं, ते तापून उकळलं की पेडल थेट खाली जातं, म्हणून जायच्या आधी फ्लुइड ताजं करून घ्या आणि पेडल स्पंजसारखं लागलं तर त्याच लॅपला पिटमध्ये या. टायर तापले की हवेचा दाब वाढतो, सेशननंतर गरम असतानाच मोजा आणि वहीत लिहून ठेवा. शेवटचा लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता थंड करत आणा, आणि पार्क केल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड तिथेच चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा, आणि चाकं थंड झाली की परत निघायच्या आधी नट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा तपासा.