प्रोसेसर आयडलमध्ये असताना ड्रायव्हर ट्रेस करायचा असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी मुलं प्रोजेक्टसाठी एआरएम बोर्डावर लिनक्स कर्नलचा ड्रायव्हर लिहितात, त्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं. प्रोसेसर आयडलमध्ये (काम नसताना झोपण्याच्या अवस्थेत) शिरताना कर्नल आरसीयूला (कुलूप न लावता सामायिक माहिती वाचू देणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेला) कळवतो की या कोअरकडे आता लक्ष द्यायचं नाही. ट्रेसपॉइंट (कोड चालताना नोंद घेण्यासाठी त्यात ठेवलेल्या जागा) मात्र आरसीयूच्याच भरवशावर चालतात. त्या अवधीत रनटाइम पॉवर मॅनेजमेंटचं (वापरात नसलेलं उपकरण चालू सिस्टिममध्येच झोपवणाऱ्या यंत्रणेचं) साधं फंक्शन बोलावलं, तरी त्याच्या आतला ट्रेसपॉइंट गोत्यात आणतो. तुम्ही स्वतः ट्रेसची एकही ओळ लिहिलेली नसली तरी! हीच गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

पूर्वी यासाठी नावाअखेर 'आरसीयूआयडल' असलेले खास ट्रेस वापरत. नव्या कोडमध्ये ती वाट धरू नका. आयडल स्टेटला 'सीपीयूआयडल_फ्लॅग_आरसीयू_आयडल' लावा (म्हणजे आरसीयूला कळवण्याचं काम ड्रायव्हरच करतो), बाकीची कामं आधी उरका आणि हार्डवेअर झोपवण्याच्या अगदी तोंडावर 'सीटी_सीपीयूआयडल_एंटर' बोलवा (2023 च्या 6.3 कर्नलपासून हेच नाव आहे). जाग येताच 'सीटी_सीपीयूआयडल_एक्झिट', मग हवा तेवढा ट्रेस. मधला कोड 'नोइन्स्ट्र' (ट्रेसिंगला आत शिरू न देणारा) ठेवा. तिथे प्रिंटके (लॉगमध्ये ओळ लिहिणारं फंक्शन) सुद्धा नको.

चाचणीच्या कर्नलमध्ये 'कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग' (लॉक आणि आरसीयूच्या चुका पकडणारा पर्याय) चालू ठेवाच. चूक असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये 'सस्पिशस आरसीयू यूसेज' (आरसीयूचा संशयास्पद वापर) यासारखा इशारा येतो.