‘पण’ गाळू नका! जुन्या कादंबरीवर लिहिताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा येतो. विषय ठरलेला: ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी वाचून तुम्हाला काय वाटलं. पहिली चूक बहुतेकांच्या पहिल्याच ओळीत सापडते. नाव लिहितात ‘लक्षात कोण घेतो’. अरे, ‘पण’ कुठे गेला? आधी कोणीतरी पुष्कळ सांगून दमलंय, हे त्या दोन अक्षरांतून कळतं.

दुसरी चूक, ‘लेखिका म्हणते’. नायिका यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते, त्यामुळे गफलत होते. लिहिणारे हरि नारायण आपटे. जन्म १८६४ चा, पारोळ्याचा, म्हणजे आपल्याच खान्देशातला. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात. मग उलटंच होतं, अर्धं पान ‘खान्देशचे थोर सुपुत्र’ यातच खर्च. दोन ओळी पुरेत.

‘या कादंबरीत प्रेम नाही’ हे वाक्य दर वर्षी चार-पाच वह्यांत भेटतं. लग्नाआधीच्या गाठीभेटी नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, म्हणून प्रेम नाही! रघुनाथ आणि यमू यांचं प्रेम लग्नानंतरचं आहे. नवऱ्याने बायकोला वाचायला लावावं, तिच्याशी बरोबरीने बोलावं, हेच तेव्हाच्या घराला खुपत होतं. असा एक प्रसंग निवडा आणि तो कोणाकोणाला खुपला ते लिहा. प्रेम आणि समाज दोन्ही एकाच ठिकाणी हाती लागतात, वेगवेगळे परिच्छेद पाडावे लागत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ ‘त्या काळी’ या दोन शब्दांनी होतो. ‘त्या काळी कायदा नव्हता म्हणून विधवांचे हाल झाले.’ कायदा होता. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा आणि ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकात येऊ लागली १८९० मध्ये. मधली चौतीस वर्षं कायदा कागदावर होता आणि घरात यमूच्या सासरच्या शंकरमामंजींसारखे जाच करणारे होते. यावर लिहा ना!

तसंच ‘त्या काळी सगळ्या विधवांचं केशवपन होई.’ सगळ्या कोण? ही डोकं भादरण्याची चाल मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचं वळण गिरवणाऱ्या घरांत होती. आपल्याकडच्या अनेक शेतकरी जातींत विधवेचा पाट लागायचा, म्हणजे तिचं दुसरं लग्न व्हायचं. यमूचं घर म्हणजे अख्खा महाराष्ट्र नव्हे. तुमच्या घरात काय होतं, ते आजीला विचारा. मात्र पाट लागायचा म्हणजे सगळं आलबेल होतं, असंही ठोकून देऊ नका.

हे सांगण्याला कारण आहे. अमळनेरकडच्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘स्त्री ही शक्तीचे रूप आहे. समाजाने तिचा आदर करावा.’ मी विचारलं, नवरा गेल्यावर यमूचे केस काढले ते वाचताना काय झालं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग एकदम अहिराणीत म्हणाली, ‘तिनी काय चूक व्हती?’ मागोमाग आजीचं निघालं. आजोबा गेल्यापासून आजी घरच्या लग्नात हळदीच्या वेळी आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसते. कोणी तिला जा म्हणत नाही आणि ये असंही म्हणत नाही. वहीत यातलं अक्षरही नव्हतं. का, तर ‘सर, ते शुद्ध मराठीत बसत नव्हतं.’

म्हणून अडलात तर आधी घरच्या बोलीत लिहा, प्रमाण मराठी नंतर करता येते. एखादं वाक्य अहिराणीतच राहिलं तरी मी मार्क कापत नाही. (परीक्षेत कोण तपासेल त्याची हमी मात्र मी देत नाही.)

कंटाळा आला असेल तर तोही लिहा, पण कुठे आला ते सांगा. आठवड्या-आठवड्याला छापून येणारी गोष्ट तुम्ही दोन रात्रींत संपवायला बसता, मग ती लांबणारच. आणि कथानकाचा सारांश चार पानं लिहू नका. कादंबरी मी वाचलेली आहे.

त्या मुलीने वही परत नेली. दुसऱ्या खेपेला ‘शक्तीचे रूप’ खोडलेलं होतं आणि पान आजीच्या मागच्या खोलीपासून सुरू होत होतं.