अजिंक्यताऱ्याच्या चढाची सवय लावताना

पहिल्याच दिवशी गडाच्या दरवाजापर्यंत जायचा हट्ट नको. पोटऱ्या धरतात, दोन दिवस जिना उतरवत नाही आणि तिसऱ्या दिवशी बूट कोपऱ्यात जातात.

पहिला आठवडा सपाटीवर, दिवसाआड 15 मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात चढ, पण 10 मिनिटं झाली की परत. बोलताना वाक्य तुटायला लागलं तर वेग कमी करा. थांबायची गरज नसते. पाय खरे दुखतात ते उतरताना, कारण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात. म्हणून पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नका. नेहमीचंच चाला. छातीत दुखलं तर मात्र तिथेच थांबून थेट डॉक्टर गाठा.