गळाला लागलेली चिलापी कशी ओळखावी?

उजनीच्या काठावर गळ टाकला की बऱ्याचदा तळहाताएवढी चिलापीच लागते. रोहू-कटल्याच्या पिल्लाशी गफलत होत असेल तर आधी पाठीवरचा पर उभा करून बघा. चिलापीचा पर लांबलचक असतो, पुढे टोचणारे काटे आणि मागे मऊ. रोहूच्या पराला असे टोचरे काटे नसतात. मग कुशीवरची रेघ न्याहाळा. चिलापीत ती मध्येच तुटते आणि जरा खालून पुन्हा सुरू होते. रंगावर मात्र जाऊ नका, विणीच्या दिवसांत नर काळाकुट्ट पडतो. धरताना डोक्याकडून शेपटीकडे हात सरकवत पर दाबून घ्या, नाहीतर तळहात सोलवटलाच म्हणून समजा. रोहूचं पिल्लू निघालं तर सरळ पाण्यात सोडा, एवढ्याशा माशात नुसते काटेच!