इव्हेंट टीमने वर्षअखेरीला नेमकं काय करावं

वर्ष संपत आलं की इव्हेंटवाल्यांना सल्ले द्यायला सगळे तयार असतात. व्हिजन लिहा, टीमला फिरायला न्या, पुढच्या वर्षाचं टार्गेट भिंतीवर लावा. भिंतीवरच्या टार्गेटने स्टेज वेळेवर उभा राहिलेला मी तरी अजून पाहिला नाही. बरीच वर्षं हे काम करतोय, त्यातून जे उपयोगी पडलं तेवढंच सांगतो.

आधी हे कधी करायचं ते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर अजिबात नाही. ते दिवस कंपन्यांच्या पार्ट्या आणि अवॉर्ड नाइटचे असतात, आणि रात्रभर डिसमॅन्टल करून, म्हणजे स्टेज आणि सामान उतरवून, आलेला माणूस मीटिंगमध्ये फक्त मान हलवतो, नंतर विचारलं तर त्याला काही आठवत नसतं. मी दोन भाग करतो. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आणि हिशोब व सामान शेवटचा शो उतरल्यावर.

हिशोबाचं फार कौतुक नको. प्रत्येक जॉबचं कोटेशन आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडा, कुणाकडून किती यायचंय ते बघा, आणि वेन्यूंकडे अडकलेली डिपॉझिटं परत मागा, ती मागितल्याशिवाय येत नाहीत. क्रूचा ओव्हरटाइम मात्र वेगळ्या ओळीत काढा, 'इतर खर्च' मध्ये ढकलू नका, कारण नफा बऱ्याचदा तिथूनच गळत असतो.

सामानात एकेक केबल टेस्टरला लावून बघा, खराब निघाली की तिथल्या तिथे लाल टेप, 'नंतर बघू' म्हणून परत त्याच पेटीत टाकायची नाही. वायरलेस माइक आणि रिमोटमधले साधे सेल काढून ठेवा, महिनाभर पडून गळले तर आतले पॉइंट खातात. लिथियम बॅटऱ्या साधारण अर्ध्या चार्जवर ठेवा. फोटो, व्हिडिओ, क्यूशीट (शोमध्ये कधी काय सुरू करायचं त्याची यादी) या सगळ्याच्या ३ कॉपी, २ वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली १ ऑफिसच्या बाहेर. झालं.

आता कॅलेंडर. सगळ्यात जास्त मार मी इथेच खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवातीला आमचं कॅलेंडर म्हणजे इव्हेंटच्या तारखांची यादी होती. शनिवारी एक अवॉर्ड शो, रविवारी सकाळी एक कॉन्फरन्स, कागदावर दोन वेगळे चौकोन, कुठे टक्कर नाही. प्रत्यक्षात अवॉर्ड शो ११ ऐवजी १ वाजता संपला, सामान उतरवून ट्रक भरेपर्यंत ५ वाजले, आणि तोच कन्सोल (आवाज मिक्स करायचं मशीन) व तोच साउंडवाला घेऊन ९ च्या कॉन्फरन्सला पोचायचं होतं. पोरगं फ्लाइट केसला, म्हणजे सामानाच्या पेटीला, टेकून तिथेच झोपलं. कुणीतरी हलवून उठवलं, त्याने घाईत कन्सोल चालू केला आणि माइक लावला १ नंबर चॅनलला, जिथे रात्रीच्या किक ड्रमचा गेट, म्हणजे हळू आवाज अडवणारं सेटिंग, तसाच सेट होता. ड्रमचा दणका आला की उघडायचं आणि बाकी वेळ बंद राहायचं, हेच त्या गेटचं काम. मुख्य पाहुणे बोलायला उभे राहिले, मोठ्याने म्हटलेला शब्द ऐकू यायचा आणि आवाज खाली आला की वाक्याचं शेपूट गायब. चार-पाच मिनिटं हॉलमधला प्रत्येक माणूस मागे वळून आमच्याकडे बघत होता. चूक साउंडवाल्याची नव्हती, चूक माझ्या कॅलेंडरची होती.

तेव्हापासून शीटमध्ये ओळी इव्हेंटच्या नाहीत, माणसांच्या आणि मुख्य सामानाच्या. साउंडवाला, लाइटवाला, प्रोडक्शन मॅनेजर, मोठा कन्सोल, एलईडी वॉल, ट्रक. वर आडव्या तारखा. कुठलाही शो आला की शोच्या दिवसापासून मागे मोजत जायचं, रिहर्सल, सेटअप, लोड-इन (सामान हॉलमध्ये आणणं), गोडाऊनमधलं पॅकिंग, आणि मग पुढे मोजायचं, डिसमॅन्टल, परतीचा प्रवास, सामान तपासून जागेवर लावणं. एका दिवसाची कॉन्फरन्स सहज ४ चौकोन खाते. पहिल्यांदा भराल तेव्हा घाबराल, कारण जे वर्ष अर्धं रिकामं वाटत होतं त्यात श्वास घ्यायला जागा उरत नाही. घाबरा, पण चौकोन कमी करू नका.

रात्रीच्या डिसमॅन्टलनंतरचा दिवसही भरलेला धरायचा. युरोपियन युनियनच्या नियमात कामगाराला २४ तासांत सलग ११ तास विश्रांती द्यायला सांगितलंय. तुम्ही कुठेही काम करत असा, हा हिशोब लावून बघा, सकाळी ६ ला सुटलेला माणूस संध्याकाळी ५ च्या आधी परत कामावर येत नाही. 'आमची पोरं खमकी आहेत, करतात ॲडजस्ट' हे मला सांगू नका. तीच पोरं पहाटे ट्रक चालवतात आणि लाइट टांगायच्या उंच ट्रसवर चढतात.

मागच्या वर्षाचं कॅलेंडर कॉपी-पेस्ट करायची सवय असेल तर मोडा. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर १ दिवस, त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन. 'गेल्या वर्षीचीच तारीख ठेवा' असं क्लायंट म्हणाला की लगेच विचारा, तारीख तीच हवी की शनिवार हवा? अर्ध्या लोकांना शनिवार हवा असतो आणि ते सांगायचं सुचलेलं नसतं. सणांचंही तेच, ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही येतो, रमजान दरवर्षी १०-११ दिवस आधी सरकतो. पाहुण्यांमध्ये जे जे येणार त्या सगळ्यांच्या सुट्ट्या आधी शीटवर टाका, मग विकायला घ्या.

रंग दोनच ठेवा. सही आणि ॲडव्हान्स दोन्ही आलं तर कन्फर्म, बाकी सगळं होल्ड, म्हणजे तात्पुरती धरून ठेवलेली तारीख. 'आमचं जवळजवळ नक्की आहे हो' हे होल्डच, मग बोलणारा कितीही मोठा असो. प्रत्येक होल्डच्या चौकोनात तो कधी सुटणार ती तारीख लिहायची, बिनतारखेचा होल्ड म्हणजे फुकट अडवून ठेवलेली जागा. त्याच तारखेला दुसरा क्लायंट ॲडव्हान्स घेऊन उभा राहिला तर पहिल्याला ४८ तास द्यायचे, पैसे भर नाहीतर तारीख सोड. पण ही अट होल्ड देतानाच मेलवर लिहून द्या. ऐनवेळी सांगितलं की तुम्ही दगाबाज ठरता, आधी सांगितलं की माणूस निमूट पैसे भरतो, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

शीट भरली की वेन्यू आणि व्हेंडरची कामं पटपट होतात. वेन्यूला शोची तारीख देऊन थांबू नका, हॉल आपल्या हातात किती वाजता येणार आणि आदल्या रात्री तिथे काय आहे हे लेखी घ्या. व्हेंडरला पूर्ण दिवसांची यादी पाठवा.

टीमच्या सुट्ट्या सेल्सला शीट दाखवायच्या आधी भरायच्या, नंतर नाही, कारण सेल्सवाल्याला रिकामा चौकोन दिसला की तो तिथे काहीतरी विकतोच, त्याचा दोष नाही, त्याचं कामच ते. आणि शीटमध्ये बदल करायचा अधिकार एकाच माणसाकडे, बाकीच्यांनी फक्त बघायचं. आमच्याकडे तो माणूस मी नाही. तो साउंडवाला आता प्रोडक्शन बघतो, शीट त्याच्याकडेच असते, आणि लागोपाठ दोन शो मागायला गेलं की तो अजून मला १ नंबर चॅनलची आठवण करून देतो.